मच्छिंद्रची जीप आणि लोडरचं स्टेअरिंग

सकाळी सदरा अंगात चढवायला मच्छिंद्रला बायको लागायची. मालनबाई चुलीपुढनं उठायची, त्याचा उजवा हात कोपराखाली धरून हळूच उचलायची, बाहीत सारायची. डावा हात तो आपला आपण घालायचा. गुंड्या परत तिनंच लावायच्या. हे सगळं होईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नसत. मग तो चपला सरकवून दूध संघाच्या आवाराकडं निघायचा. वाटेत कुणी जयभीम केला तर डावा हात वर करायचा आणि चालत राहायचा.

साल शहाऐंशीचं. भूमच्या बाजूला पाठोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. बाणगंगेच्या पात्रात लोक झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होते. जनावरांच्या पाठीची हाडं मोजता येत होती, तरी ज्यांच्या म्हशी तग धरून होत्या त्यांचं दूध रोज सकाळी गोळा व्हायचंच. मोठ्या रस्त्यावरच्या गावांना ट्रक जायचा. ज्या वाड्या-वस्त्यांना ट्रक जाऊ शकत नव्हता, त्या मच्छिंद्रच्या वाट्याला होत्या. त्याच्याकडं जुनी जीप होती, मागं जोडलेला छोटा ट्रेलर होता आणि ट्रेलरमध्ये दुधाचे कॅन.

ही जीप आणि मच्छिंद्र संघात एकदमच आले होते. बहात्तरच्या दुष्काळात तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत घण उचलायचा आणि टाकायचा. खांद्याचं दुखणं तिथलंच. सातवी शिकलेला माणूस म्हणून ओव्हरसियरनं त्याला हजेरी घ्यायला लावलं. पुढं ओव्हरसियरचा ड्रायव्हर काम सोडून गेला तेव्हा, ‘शिकतोस का?’ म्हणून विचारलं. दोन महिन्यांत मच्छिंद्र जीप चालवायला लागला. काम बंद पडल्यावर जीप लिलावात निघाली. नव्यानं निघालेल्या दूध संघानं ती घेतली आणि तिचे खोडसाळपणे बंद पडायचे प्रकार दुसऱ्या कुणाला उमजेनात म्हणून मच्छिंद्रलाही ठेवून घेतलं.

गाडीवर बसल्यापासून त्याचं गावागावांतलं बोलावणं बदललं होतं. ज्या वस्त्यांवर त्याचा बाप हाक मारून लांब उभा राहायचा, तिथले लोक आता ‘ड्रायव्हर, आलात का?’ म्हणत पुढं यायचे. चहा मिळायचा. कप कुठं वेगळा असायचा, कुठं नसायचा. मच्छिंद्र ते बघायचा आणि बघितलं न बघितल्यासारखं करायचा. पण गाडीत बसल्यावर त्याची पाठ सरळ व्हायची, हे त्यालाही माहीत होतं.

आता त्याच गाडीनं त्याचा खांदा खाऊन टाकला होता. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात नदीच्या वाळूत जीप रोज रुतायला लागली, तेव्हा त्यानंच मागं लागून लष्कराच्या जुन्या मालातले रुंद टायर बसवून घेतले. वाळूत रुतणं थांबलं. पण स्टेअरिंग इतकं जड झालं की जागेवर वळवायचं तर दातावर दात दाबावे लागत. त्यात मागं भरलेला ट्रेलर. वर्षभरात उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. मग छातीपर्यंतही जाईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात वर-खाली करून बघितला आणि सांगितलं, ‘विश्रांती द्या.’ मच्छिंद्रनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कॅन भरायला गेला.

त्याच्या शेजारच्या सीटवर रोज शिवकांताबाई असायच्या. संघानं बायकांच्या दूध संस्था काढायला घेतल्या होत्या आणि त्या कामाला ही बाई नेमली होती. वय पस्तिशीचं. माहेर लोहाऱ्याचं, घर लिंगायत, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. वस्तीवर पोचलं की त्या बायकांना फॅट कसं मोजतात ते दाखवायच्या, अंगठ्याच्या जागी सही करायला शिकवायच्या. मोजकंच बोलणारी बाई. मच्छिंद्र तिला ‘बाई’ म्हणायचा, ती त्याला ‘भाऊ’ म्हणायची.

होळी नुकतीच झाली होती. वाशीकडच्या घाटातून जीप खाली उतरत होती. ट्रेलरमध्ये सोळा कॅन. उजवीकडं वळण आलं. मच्छिंद्रनं स्टेअरिंग ओढलं आणि खांद्यात काहीतरी सटकल्यासारखं झालं. हातातला जोरच गेला. डाव्या एका हातानं स्टेअरिंग हलेना. जीप वळायच्या ऐवजी सरळ दरीच्या कठड्याकडं निघाली. ब्रेक दाबला तरी मागचा ट्रेलर पुढं रेटत होता. शिवकांताबाईंनी काय केलं ते त्यांनाही पुढं नीट सांगता आलं नाही. त्या सीटवरून अर्ध्या उठल्या, दोन्ही हातांनी स्टेअरिंगची डावी कड धरली आणि सगळा जोर लावून वर ढकलली. जीप कठड्याचे दोन दगड पाडून, घासत थांबली. मागं दोन कॅन सुटून रस्त्यावर गडगडत गेले.

इंजिन बंद झालं होतं. उतारावरून दुधाचा ओघळ चालला होता आणि कुठूनशी दोन कुत्री आली होती.

‘लागलं का हो?’ बाईंनी विचारलं.

‘न्हाय.’ मच्छिंद्र समोर बघत राहिला. मग म्हणाला, ‘बाई, हात गेला माझा.’

‘आजच गेला?’

‘न्हाय. वर्स झालं.’

शिवकांताबाई खाली उतरल्या, रिकामे झालेले कॅन उचलून आणले, परत सीटवर बसल्या. संघात त्यांनी सांगितलं, ट्रेलरची साखळी तुटली. मच्छिंद्रनं ते ऐकलं आणि खाली मान घातली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं मिळून गाडी वळवायला लागली. ठरवलं असं कुणी नव्हतं. पहिलं वळण आलं आणि बाईंचा हात आपोआप पुढं आला. चार-सहा दिवसांत त्यांची एक भाषाही तयार झाली. डावं वळण आलं की मच्छिंद्र म्हणायचा, ‘घ्या.’ बाई स्टेअरिंगची कड आपल्याकडं खाली ओढायच्या. उजवं आलं की म्हणायचा, ‘द्या.’ त्या कड वर ढकलायच्या. गिअर बदलायला त्याचा डावा हात सुटला की स्टेअरिंग त्या धरून ठेवायच्या. वस्तीच्या अलीकडं त्या हात काढून घ्यायच्या आणि मच्छिंद्र सरळ रस्त्यावरून एका हातानं गाडी आत न्यायचा. घ्या, द्या, द्या, घ्या. सोळा-सतरा वस्त्या, रोजच्या. घरी पोचल्यावर मच्छिंद्रला जेवायचाही कंटाळा यायचा. बाईंच्या मनगटाला सूज येऊन ती तिथंच राहिली. एकदा त्या म्हणाल्या, ‘भाऊ, रजा का घेत न्हाई?’

‘रजा घेतली की गेटवर बसवत्यात. खुर्ची देत्यात आन् इसरून जात्यात.’



तीन महिने असं चाललं. पण रस्त्यावर माणसं असतात. नदीत पाणी भरणाऱ्यांनी बघितलं, मेंढरं राखणाऱ्यांनी बघितलं. बाई ड्रायव्हरच्या अंगावर रेलून बसते, इथून बोलणं सुरू झालं आणि आठवड्याच्या बाजारात पोचेपर्यंत ते फार वाईट झालं. लिंगायताच्या घरातली विधवा आणि बौद्धवाड्यातला ड्रायव्हर. एवढ्यावर लोकांना पुढचं रचायला काय लागतं? शिवकांताबाईंच्या दिरानं घरात त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि तो थेट संघाच्या चेअरमनकडं गेला.

चेअरमन आबाराव. माणूस वाईट नव्हता. चारा कुठून आणायचा, म्हशी कशा जगवायच्या, या काळजीनं त्यांची झोप उडालेली होती आणि डोळे कायम तांबडे असायचे. दोघांना ऑफिसात बोलावून त्यांनी दार लोटून घेतलं.

‘हे काय ऐकतोय म्या?’

शिवकांताबाई उभ्या होत्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मच्छिंद्रला कळलं की ही बाई आता आणखी एक साखळी तुटल्याचं सांगणार. तो म्हणाला, ‘साहेब, माझा हात उचलत न्हाई. तीन म्हैने झालं, बाई गाडी वळवायला हात लावत्यात. घाटात त्यांनीच वाचवलं. बाकी काय न्हाई.’

‘उचलत न्हाई म्हंजी?’

मच्छिंद्रनं उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. पोटाच्या वर जाईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला. आबारावांनी हातानंच ‘पुरे’ म्हटलं.

‘म्हंजी तीन म्हैने संघाची गाडी दीड माणसावर चालली,’ ते म्हणाले. ‘आन् मला कुणी सांगितलं न्हाई.’

‘व्हय साहेब.’

‘उद्यापासनं गेटवर बस. बाई, तुमी ट्रकनं जात जा.’

मच्छिंद्र दाराकडं वळला. त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आता रोज सकाळी घाट उतरायचा नाही. या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटली. मागून शिवकांताबाईंचा आवाज आला.

‘साहेब, त्या वस्त्यांवर दुसरं कोण जाणार? नदीतली वाट यांच्याशिवाय कुणाला ठाव हाय? आठ दिवस द्या. लोहाऱ्याला माझे मामा हायती, महालिंगप्पा मिस्त्री. धरणावर मोठ्या मशिनी त्यांच्या हाताखालनं गेल्या. त्या मशिनीचं स्टेअरिंग एका बोटानं फिरायचं म्हणत्यात. जीपला तसं काही करता आलं तर बघतील.’

आबारावांनी डोळे चोळले. ‘आठ दिवस ट्रक जाईल तिथवर जाईल. आठव्या दिवशी हा एकटा मला घाट उतरून दाखवंल. न्हाय जमलं तर गेट.’

लोहारा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. जीप नेणार कोण? शिवकांताबाई सोबत जाणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी मामाला चिठ्ठी लिहून दिली. मच्छिंद्र घरी आला, चिठ्ठी खिशात तशीच ठेवून भिंतीला टेकून बसला. मालनबाईनं सगळं ऐकून घेतलं. बाजारातलं बोलणं तिच्याही कानावर आलेलं होतं. ते तिनं महिनाभर मनात ठेवलं होतं आणि रोज सकाळी बाही चढवली होती.

‘डाव्या बाजूला बसायचं आन् तुमी म्हणाल तसं करायचं, एवढंच ना?’ ती म्हणाली. ‘मी येते.’

चौदा वर्षांत मालनबाई त्या जीपमध्ये पुढं कधी बसली नव्हती. ट्रेलर संघातच सोडला होता, तरी पहिल्या वळणाला तिनं दोन्ही हातांनी कड ओढली आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. धाराशिवपर्यंत तिच्या लक्षात आलं, कधी ओढायचं, कधी ढकलायचं. तुळजापूर मागं पडल्यावर दोघं एका विहिरीपाशी भाकरी खायला थांबली. विहीर कोरडी होती, सावली मात्र होती. मालनबाई आपले तळहात बघत होती.

‘हे एवढं जड हाय?’

‘व्हय.’

‘आन् तुमी कधी बोलला न्हाईत.’

मच्छिंद्रनं भाकरीचा तुकडा मोडला.  तो म्हणाला, ‘बोलून हलकं झालं असतं व्हय?’

‘मला तरी कळलं असतं,’ मालनबाई म्हणाली आणि उठली.

महालिंगप्पा मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे लिंबाखाली चार पत्रे आणि एक वेल्डिंगचं मशीन. मिस्त्री साठीच्या पुढचा. कपाळाला विभूती, डाव्या हाताची दोन बोटं नसलेली. ती धरणावरच्या एका यंत्रात गेलेली. त्यानं भाचीची चिठ्ठी दोनदा वाचली. जीपच्या खाली शिरला, बराच वेळ तिथंच पडून राहिला. बाहेर आला तेव्हा पाठीला माती लागलेली होती.

‘जीपला असलं कुणी बसवलेलं म्या बघितलं न्हाई,’ तो म्हणाला. ‘बसलं तर बसलं. न्हाय बसलं तर मला शिव्या द्यायच्या न्हाईत.’

मग त्यानं पत्र्याच्या मागून एक पोतं ओढत आणलं. धरणाचं काम संपल्यावर माती-दगड भरायचा एक परदेशी बनावटीचा लोडर भंगारात निघाला होता. त्याचं स्टेअरिंगचं सामान मिस्त्रीनं सात वर्षं जपून ठेवलं होतं. एक पंप, सायकलच्या पंपासारखा पण चांगला जाडजूड सिलिंडर, एक व्हॉल्व्ह आणि चिंध्यांत गुंडाळलेल्या तेलाच्या नळ्या. मिस्त्रीनं ते सगळं जमिनीवर मांडलं आणि सांगितलं, ‘इंजिन पट्ट्यानं पंप फिरवंल. पंप तेल दाबंल. तेल ह्या दांड्याला ढकलंल, दांडा चाकांना. तुमी निस्तं स्टेअरिंगनं सांगायचं, कुठं जायाचं ते. जोर तुमचा न्हाई, इंजिनाचा.’

‘इंजिन म्हातारं हाय मिस्त्री.’

‘तुमच्यापरीस बरं हाय.’

पंप बसवायला डायनामोशेजारी जागा करण्यात एक दिवस गेला. नळ्या फुटल्या होत्या, नव्या करून आणायला मिस्त्री एसटीनं सोलापूरला जाऊन आला, तो दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी सगळं जोडलं. इंजिन चालू करून मच्छिंद्र सीटवर बसला आणि स्टेअरिंग जरासं डावीकडं नेलं. चाकांनी उजवीकडं असा हिसका दिला की स्टेअरिंग हातातून सुटून गरगर फिरलं आणि त्याची दांडी चांगल्या हाताच्या अंगठ्यावर बसली. मालनबाई ओरडली. मिस्त्रीनं धावत येऊन इंजिन बंद केलं.

‘नळ्या उलट्या लागल्या,’ तो शांतपणे म्हणाला. ‘चूक माझी.’

चौथ्या दिवशी नळ्या सुलट झाल्या. स्टेअरिंग फिरलं, खरोखर हलकं फिरलं, पण गावाबाहेर अर्धा मैल गेल्यावर खालून ‘कडाड’ आवाज आला. सिलिंडर ज्या पट्टीवर बसवला होता ती चासीपासून, गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून, उचकटली होती. तेलानं रस्ता माखला. तिघांनी जीप ढकलत परत आणली. म्हणजे मिस्त्री आणि मालनबाईनं ढकलली, मच्छिंद्र अंगठ्याला फडकं बांधून चालत होता. त्या दिवशी त्याच्या मनानं हाय खाल्ली. लिंबाखाली बसून तो मालनबाईला म्हणाला, ‘चल, जाऊ. गेट तर गेट. बसून तरी राहता येईल.’

मालनबाई काही बोलायच्या आत मिस्त्रीनं पत्र्याआडून विचारलं, ‘चाळीस वर्सं काम केलंय म्या. दोनदा चुकलो तर लगीच निघालात व्हय?’

त्याच्या आवाजात राग नव्हता. तोही थकलेला होता. मच्छिंद्र बसून राहिला. मिस्त्रीनं लोखंडाची जाड पट्टी कापली, चासीला दोन्ही बाजूंनी आवळून वेल्ड केली, पंपाच्या स्प्रिंगखालचा एक वायसर काढून तेलाचा जोर कमी केला. ‘लोडरचा जोर जीपला कशापायी?’ असं स्वतःशीच पुटपुटला. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं मच्छिंद्रला हाक मारली.

जीप उभ्या जागी होती. रुंद टायर कोरड्या मातीत बसलेले. मच्छिंद्रनं डाव्या हाताचा तळवा स्टेअरिंगवर ठेवला आणि फिरवला. पुढची चाकं मुकाट्यानं डावीकडं गेली. उजवीकडं आणली, आली. त्यानं उजवा हात मांडीवरून उचलला, स्टेअरिंगच्या खालच्या कडेला लावला आणि नुसत्या बोटांनी ढकललं. चाकं गेली. पार टोकाला नेल्यावर इंजिन जरा गुदमरलं, तेवढंच.

मालनबाईला वाटलं, आता हा हसेल. मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं वाळूत, घाटात, चिखलात ओढलेली सगळी वळणं आली.

‘मिस्त्री,’ तो म्हणाला, ‘हे आधी मिळालं असतं तर?’

मिस्त्री हात पुसत होता. ‘सात वर्सं पोत्यात पडलं हुतं,’ तो म्हणाला. ‘आधी कुणी इचारलं न्हाई.’

आठव्या दिवशी सकाळी आबाराव स्वतः डाव्या सीटवर बसले, हाताची घडी घालून. ट्रेलरला सोळा कॅन पाण्यानं भरून लावले होते. तेवढं पाणी वाया जाणार म्हणून आबारावांनी खाली उतरल्यावर ते जनावरांना पाजायचं ठरवलं होतं. मच्छिंद्र घाट उतरला. पहिल्या दोन वळणांना स्टेअरिंग जास्तच फिरलं, कारण त्याच्या अंगात जुना जोर बसलेला होता आणि हलकेपणाची सवय नव्हती. तिसऱ्यापासून नीट गेलं. घाट संपल्यावर आबारावांनी हात पुढं करून एका बोटानं स्टेअरिंग हलवून बघितलं.

‘मग आता हिला कुणीबी चालवंल की,’ ते म्हणाले.

 आणि झालंही तसंच. दुसऱ्याच आठवड्यात आबारावांचा पुतण्या जीप घेऊन गेला. नदीच्या पात्रात वरची वाट सोडून तो सरळ ओल्या वाळूत घुसला आणि जीप मांडीइतकी खोल गेली. चार बैल लावून ओढून काढायला दुपार झाली, कॅनमधलं दूध नासलं. पुतण्या परत आला नाही. आबारावांनी किल्ली मच्छिंद्रच्या हातात ठेवली आणि दुसरं बोलणं काढलं.

पण ‘कुणीबी चालवंल’ हे शब्द शिवकांताबाईंच्या कानावर आले होते. ट्रक वस्त्यांपर्यंत जात नव्हता म्हणून त्या परत जीपमध्ये बसायला लागल्या होत्या, आता हात मांडीवर ठेवून. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘भाऊ, कुणीबी म्हंजी मीबी का?’

मच्छिंद्रनं त्यांच्याकडं बघितलं. ‘लोक काय म्हणतील बाई?’

‘म्हणायचं ते म्हणून झालं की.’

त्यानं त्यांना शिकवलं. रिकाम्या नदीपात्रात, दुपारच्या उन्हात, कॅन उतरवून झाल्यावर. पहिले काही दिवस मालनबाईही मागं बसून यायची. भावजय गाडी चालवायला लागली म्हणून दिरानं दुसऱ्या गावाला घर केलं. धाराशिवला जाऊन बाईंनी लायसन आणलं तेव्हा आबारावांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘ड्रायव्हर आजारी असंल तेव्हा.’

पुढची दोन वर्षं जीप तशीच चालली. पंपाचा पट्टा पावसाळी हवेत चिरकायचा. एका नळीतून तेल झिरपायचं ते झिरपायचंच. मच्छिंद्र पंपाच्या तेलाच्या डब्यात रोज थोडं ओतायचा. कधी पट्टा तुटला की स्टेअरिंग पहिल्यापेक्षाही जड व्हायचं आणि मग दोघांची जुनी ‘घ्या-द्या’ सुरू व्हायची. हात काही सुधारला नाही. सुधारेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. फक्त दुखण्यावर रोज आणखी दुखणं चढायचं थांबलं.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात बाणगंगेला पूर आला. नदीतली वाट वाहून गेली, नव्या वाटा शोधायच्या होत्या. त्याच सुमारास एका सकाळी मच्छिंद्रचा डावा हातही आखडला. इतकी वर्षं दोन्ही हातांचं काम त्या एकट्यानं केलं होतं. तो जीपपाशी गेला, किल्ली खिशातून काढली आणि बाईंच्या पुढं धरली. कुणी सांगायची वाट त्यानं बघितली नाही.

‘मी वाट दाखवायला बसतो,’ तो म्हणाला.

त्या दिवशी पहिल्यांदा तो डावीकडच्या सीटवर बसला. पहिली दोन गावं तो दोन्ही पायांनी नसलेले ब्रेक दाबत होता. ‘इथनं खाली घ्या, पुढं दगड हाय, आता सरळ,’ सांगत होता. बाई तो सांगेल तशी गाडी नेत होत्या. चिखल होता, ट्रेलर भरलेला होता, आणि स्टेअरिंग त्यांच्या हातात सहज फिरत होतं. चौथ्या वस्तीनंतर लांब सरळ रस्ता होता. दोन्ही बाजूंना ज्वारीची कोवळी पोपटी रानं. मच्छिंद्रचं सांगणं थांबलं. बाईंनी वळून बघितलं तर त्याची मान खिडकीच्या दांडीवर टेकली होती आणि तोंड जरासं उघडं होतं. पंधरा-सोळा वर्षांत दिवसा, चालत्या गाडीत तो कधी झोपला नव्हता.

पुढं फाटा होता. एक वाट वरून जात होती, एक खालून. पुरानंतर कोणती धड राहिली असेल याचा अंदाज फक्त मच्छिंद्रला होता. शिवकांताबाईंनी गाडी हळू केली, दोन्ही वाटांवरचा चिखल निरखला, त्याच्याकडं पुन्हा एकदा बघितलं आणि त्याला न उठवता वरची वाट धरली.